राष्ट्राध्यक्ष आणि सल्लागार यांचा रोजचा राजनैतिक कारभार : निक्सन-किसिंजर काळाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१९७१ च्या भारत-पाकिस्तान युद्धाविषयी वाचताना रिचर्ड निक्सन आणि हेन्री किसिंजर ही दोन नावे एकत्रच येतात. त्यांची धोरणे बहुतेकांना ठाऊक असतात. पण ती रोजच्या रोज ठरत कशी होती, कोण कोणाशी कोणत्या खोलीत बोलत असे, कागद कोणाच्या हातून पुढे सरकत असे, याची माहिती सहसा दिली जात नाही. पुढील प्रश्नोत्तरे त्या कामकाजाविषयी आहेत.

हे दोघे कोण होते आणि हा नेमका कोणता काळ?

रिचर्ड निक्सन हे २० जानेवारी १९६९ ते ९ ऑगस्ट १९७४ या काळात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते. हेन्री किसिंजर यांचा जन्म १९२३ साली जर्मनीतील फ्युर्थ गावी एका ज्यू कुटुंबात झाला. नाझी राजवटीमुळे हे कुटुंब १९३८ मध्ये अमेरिकेत आले. हार्वर्ड विद्यापीठात प्राध्यापकी करणाऱ्या किसिंजर यांना निक्सन यांनी कारकिर्दीच्या पहिल्या दिवसापासून राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार नेमले. सप्टेंबर १९७३ मध्ये ते परराष्ट्रमंत्रीही झाले आणि पुढची दोन वर्षे दोन्ही पदे एकाच माणसाकडे राहिली.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आपल्या राष्ट्रपतींसारखे मानायचे की पंतप्रधानांसारखे?

दोन्ही. आपल्याकडे राष्ट्रपती हे राष्ट्रप्रमुख आणि पंतप्रधान हे सरकारप्रमुख अशी विभागणी आहे. अमेरिकेत परदेशी राजदूतांची अधिकारपत्रे स्वीकारणारी आणि त्या राजदूतांच्या देशाविषयी धोरण ठरवणारी व्यक्ती एकच असते. म्हणून तेथे सल्लागाराने राष्ट्रप्रमुखाच्या कानाशी लागणे याला जे वजन येते, ते राष्ट्रपती भवनातील सचिवाला येणार नाही. आपल्याकडची तुलना करायचीच असेल तर ती पंतप्रधान कार्यालयाशी करावी.

परराष्ट्रमंत्री असताना वेगळा सल्लागार कशाला?

कागदोपत्री उत्तर असे की परराष्ट्र, संरक्षण आणि गुप्तवार्ता या खात्यांची मते एकत्र करून राष्ट्राध्यक्षांपुढे पर्याय मांडण्यासाठी कोणी तरी लागते. निक्सन यांच्या बाबतीत याहून खरे उत्तर असे की त्यांचा परराष्ट्र खात्यावर विश्वास नव्हता. परराष्ट्रमंत्री विल्यम रॉजर्स हे त्यांचे जुने स्नेही. तरीही सोव्हिएत संघ, चीन आणि व्हिएतनाम ही तिन्ही महत्त्वाची प्रकरणे त्यांच्या हाती राहिली नाहीत. सोव्हिएत राजदूत अनातोली डोब्रिनिन हे परराष्ट्र खात्याला टाळून थेट किसिंजर यांना भेटत. पॅरिसमध्ये व्हिएतनामच्या अधिकृत वाटाघाटी चालू असताना त्याच शहरात किसिंजर ऑगस्ट १९६९ पासून दुसऱ्या, गुप्त वाटाघाटी करीत होते. ज्या खात्याचे काम तेच खाते अंधारात, अशी ही रचना होती. एरवी तिला कोणी गैरव्यवस्था म्हटले असते. येथे ती मुद्दाम उभी केलेली होती.

त्यांच्या दिवसाचे कामकाज कसे चालत असे?

सकाळचा पहिला कागद म्हणजे गुप्तचर यंत्रणेचा दैनिक अहवाल. तो राष्ट्राध्यक्षांसाठीच तयार होई, पण निक्सन यांच्याकडे तो किसिंजर यांच्या कार्यालयामार्फत, त्या कार्यालयाने तयार केलेल्या टिपणासह जात असे. गुप्तचर अधिकाऱ्याने समोर बसून तोंडी माहिती द्यावी, ही पद्धत निक्सन यांना पसंत नव्हती. त्यामुळे रात्रीतून जगात काय घडले याचे पहिले वाचन किसिंजर यांचे असे आणि राष्ट्राध्यक्षांचे दुसरे.

त्यानंतर ओव्हल ऑफिसमध्ये, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयात, दोघांची बैठक होई. बहुतेक वेळा किसिंजर एकटे असत, कधी कार्यालयप्रमुख एच. आर. हाल्डमन सोबत असत. निक्सन यांना गर्दीतील चर्चा आवडत नसे, आणि समोरासमोर कोणाला नकार देणे तर मुळीच जमत नसे. दुपारी ते शेजारच्या कार्यालयीन इमारतीतील आपल्या खासगी खोलीत जात आणि पिवळ्या रेघी कागदांच्या पॅडवर स्वतःच्या हाताने मुद्दे लिहीत बसत. संध्याकाळी व रात्री व्हाइट हाउसच्या निवासी भागातील लिंकन सिटिंग रूममधून फोन चालत. एकाच विषयावर सकाळी बैठक, दुपारी पुन्हा बोलावणे आणि रात्री दोन-तीन फोन असे प्रकार वारंवार घडत. या बोलण्यांच्या नोंदींत तेच वाक्य दिवसातून चार वेळा उच्चारलेले आढळते. वाचणाऱ्याला कंटाळा येतो, पण निर्णय पक्का होण्याची त्यांची पद्धत तीच होती.

राष्ट्राध्यक्षांचा निर्णय कागदावर कसा दिसतो?

आपल्या सरकारी नस्तीत साहेबांचा शेरा असतो, तसाच. सल्लागार टिपण सादर करतो, त्यात दोन-तीन पर्याय मांडतो, आपली शिफारस कोणत्या पर्यायाची आहे ते सांगतो, आणि राष्ट्राध्यक्ष हव्या त्या पर्यायाखाली आद्याक्षरे करतात.

याचे सर्वांत बोलके उदाहरण २८ एप्रिल १९७१ च्या टिपणाचे आहे. पूर्व पाकिस्तानात लष्कराची कारवाई सुरू होऊन महिना झाला होता. ढाक्यातील अमेरिकेचे महावाणिज्यदूत आर्चर ब्लड यांच्या कार्यालयातून ६ एप्रिलला वीस अमेरिकन कर्मचाऱ्यांच्या सहीचे मतभेदपत्र तारेने गेले होते आणि आपले सरकार लोकशाहीच्या दडपशाहीचा निषेधही करीत नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. या पार्श्वभूमीवर किसिंजर यांनी तीन पर्याय मांडले : पश्चिम पाकिस्तानला जवळजवळ पूर्ण पाठिंबा, तटस्थतेचा प्रयत्न, किंवा पाकिस्तानचे लष्करी राष्ट्राध्यक्ष याह्या खान यांना राजकीय तोडग्याकडे जाण्यास मदत. शिफारस तिसऱ्या पर्यायाची होती. निक्सन यांनी त्याला मान्यता दिली आणि खाली हाताने लिहिले, की सर्वांनी ध्यानात ठेवावे, या वेळी याह्यांवर दबाव आणू नये. त्यातील ‘नये’ अशा अर्थाच्या शब्दाखाली त्यांनी तीन रेघा ओढल्या.

टिपण संयमी, पण शेरा एकतर्फी. खालच्या अधिकाऱ्यांनी टिपण पाळायचे की शेरा? ज्याने सरकारी कचेरीत आठवडाभर काम केले असेल, त्याला हे उत्तर सांगावे लागणार नाही.

निक्सन यांना याह्या खान यांचा एवढा कळवळा का होता?

व्यक्तिगत पसंती होतीच, आणि ती त्यांनी लपवली नाही. पण खरे कारण त्याच टेबलावरच्या दुसऱ्या कागदात होते. चीनशी अमेरिकेचे राजनैतिक संबंध नव्हते. पेकिंगशी (आजचे बीजिंग) संपर्क साधण्यासाठी निक्सन यांनी ऑगस्ट १९६९ च्या लाहोर भेटीपासून याह्यांना मध्यस्थ केले होते. चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांचा निरोप इस्लामाबादला येई, तेथून वॉशिंग्टनमधील पाकिस्तानी राजदूत आगा हिलाली यांच्याकडे जाई आणि हिलाली तो व्हाइट हाउसमध्ये किसिंजर यांना देत. अमेरिकेचे उत्तर साध्या कोऱ्या कागदावर टंकलिखित केलेले असे. त्यावर ना कार्यालयाचे नाव, ना सही. उद्या कागद कोणाच्या हाती पडला तरी तो कोणाचा हे सिद्ध होऊ नये, हा त्यामागचा हेतू.

अमेरिकी दूताला उघडपणे भेटण्याची चीनची तयारी असल्याचा निरोप हिलाली यांनी २७ एप्रिल १९७१ ला पोहोचवला. याह्यांविषयीचे टिपण दुसऱ्या दिवशीचे, २८ एप्रिलचे आहे. या दोन तारखा शेजारी ठेवल्या की १९७१ च्या अमेरिकी धोरणाचे निम्मे कोडे सुटते. ढाक्यातील ब्लड यांना, परराष्ट्र खात्यातील दक्षिण आशिया विभागाला आणि दिल्लीतील अमेरिकी राजदूत केनेथ कीटिंग यांना फक्त एक कागद दिसत होता. दोन्ही कागद पाहणारी माणसे मोजकी होती आणि ते दोन्ही कागद ज्यांच्या हातून जात, ते किसिंजर होते. ब्लड यांना मायदेशी परत बोलावण्यात आले.

किसिंजर पाकिस्तानातून चीनला गुप्तपणे गेले, तो प्रसंग कसा घडला?

६ ते ८ जुलै १९७१ दरम्यान ते दिल्लीत होते आणि इंदिरा गांधींनाही भेटले. तेथून इस्लामाबादला गेल्यावर पोट बिघडल्याचे कारण पुढे करून ते नथियागली या थंड हवेच्या ठिकाणी विश्रांतीला गेल्याचे जाहीर झाले. प्रत्यक्षात ९ जुलैच्या पहाटे पाकिस्तानी विमानाने ते पेकिंगला रवाना झाले आणि ११ जुलैला परतले. गडबडीत स्वतःचे सदरे राहून गेल्याने एका उंच सहकाऱ्याचे सदरे त्यांना घालावे लागले आणि त्या सदऱ्यांवर ‘तैवानमध्ये तयार केलेले’ अशी चिठ्ठी होती. १५ जुलैला निक्सन यांनी दूरचित्रवाणीवरून आपल्या नियोजित चीन भेटीची घोषणा केली. ९ ऑगस्टला भारत-सोव्हिएत मैत्री करार झाला. त्याची बोलणी आधीपासून चालू होती, परंतु या घोषणेने दिल्लीची उरलीसुरली द्विधा मनःस्थिती संपवली असे म्हणायला हरकत नाही.

या दोघांचे खासगी बोलणे आपल्याला इतके तपशीलवार कसे कळते?

निक्सन यांनी फेब्रुवारी १९७१ मध्ये आपल्या कार्यालयात ध्वनिमुद्रण यंत्रणा बसवून घेतली. ओव्हल ऑफिसच्या टेबलात आणि शेकोटीजवळ मायक्रोफोन लपवलेले होते. कोणी बोलू लागले की यंत्र आपोआप चालू होई. पुढे खासगी कार्यालय, काही फोन आणि कॅम्प डेव्हिड येथेही ही सोय झाली. ती फार थोड्यांना ठाऊक होती आणि किसिंजर त्या थोड्यांत नव्हते. १६ जुलै १९७३ ला व्हाइट हाउसमधील माजी अधिकारी अलेक्झांडर बटरफिल्ड यांनी सिनेटच्या समितीपुढे ही गोष्ट उघड केली आणि दोनच दिवसांत यंत्रणा बंद झाली. एकूण सुमारे ३,७०० तासांचे मुद्रण झाले. त्यांपैकी जवळपास ३,००० तास आज खुले आहेत.

ऐकणाऱ्याची परीक्षा मात्र होते. खासगी कार्यालयातील फितींचा आवाज फार वाईट आहे आणि टेबलावर ठेवलेला कप मायक्रोफोनला तोफेसारखा ऐकू येतो. एकाच संभाषणाची दोन लिप्यंतरे जुळत नाहीत, असेही घडते.

किसिंजर यांनी स्वतःही नोंदी ठेवल्या होत्या का?

होय, आणि हा या कहाणीतील उपरोध आहे. त्यांच्या कार्यालयातील चिटणीस फोनच्या दुसऱ्या जोडणीवर ऐकून संभाषण टिपत आणि टंकलिखित करीत. पलीकडच्या माणसाला बहुधा याची कल्पना नसे. राष्ट्राध्यक्ष सल्लागाराला नकळत ध्वनिमुद्रित करीत होते आणि सल्लागाराकडे राष्ट्राध्यक्षांच्या फोनची टिपणे साठत होती. पद सोडताना किसिंजर यांनी ही टिपणे खासगी मालमत्ता म्हणून अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाकडे (लायब्ररी ऑफ काँग्रेस) निर्बंधांसह सोपवली. दीर्घ वादानंतर निक्सन काळातील सुमारे २०,००० पाने २००४ साली अभ्यासकांना खुली झाली.

नोव्हेंबर १९७१ मध्ये इंदिरा गांधींच्या भेटीच्या वेळी नेमके काय घडले?

४ नोव्हेंबरला ओव्हल ऑफिसमध्ये निक्सन आणि इंदिरा गांधी भेटले. दोन्ही बाजूंचे सल्लागार, म्हणजे किसिंजर आणि पी. एन. हक्सर, उपस्थित होते. सुमारे एक कोटी निर्वासितांचा भार, पाकिस्तानला मिळणारी शस्त्रे आणि सीमेवरील सैन्य या विषयांवर दोघेही आपापल्या जागी ठाम राहिले.

दुसऱ्या दिवशीची भेट होण्याआधी, ५ तारखेच्या सकाळी, निक्सन, किसिंजर आणि हाल्डमन यांचे जे बोलणे झाले ते फितीवर आहे. निक्सन इंदिरा गांधींना ‘म्हातारी चेटकीण’ म्हणतात आणि किसिंजर भारतीयांविषयी शिवीगाळ करतात. हे २००५ मध्ये अधिकृत कागदपत्रांच्या खंडातून प्रसिद्ध झाले तेव्हा आपल्याकडे साहजिकच संताप उसळला आणि किसिंजर यांनी भारतीय वाहिनीशी बोलताना खेद व्यक्त केला. मात्र शिव्यांच्या गोंगाटात त्या संभाषणातील राजनैतिक गाभा हरवतो. किसिंजर राष्ट्राध्यक्षांना असे सांगत होते, की आपण चांगले आदरातिथ्य केल्यामुळे आता इंदिरा गांधींना मायदेशी जाऊन, अमेरिकेने दाद दिली नाही म्हणून निराशेने युद्ध करावे लागले, असे म्हणता येणार नाही. आदल्या दिवशीची भेट कशासाठी होती, याचा तो हिशेब होता. तोडगा काढणे हा उद्देश त्या हिशेबात कुठेच दिसत नाही.

‘पाकिस्तानकडे कल’ हा शब्दप्रयोग कोठून आला?

३ डिसेंबर १९७१ रोजी, युद्ध भडकले त्या दिवशी, किसिंजर यांच्या अध्यक्षतेखाली आणीबाणीच्या प्रसंगांसाठीच्या विशेष कृती गटाची बैठक झाली. आपण भारताशी पुरेसे कठोर नाही म्हणून राष्ट्राध्यक्ष दर अर्ध्या तासाला आपल्याला धारेवर धरीत आहेत आणि पाकिस्तानच्या बाजूने कल हवा अशी त्यांची इच्छा आहे, असे किसिंजर यांनी जमलेल्या अधिकाऱ्यांना सांगितले. या बैठकीचे इतिवृत्त पत्रकार जॅक अँडरसन यांच्या हाती लागले, ते वृत्तपत्रांतून छापले गेले आणि त्यासाठी अँडरसन यांना १९७२ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. अमेरिकेची जाहीर भूमिका मात्र निःपक्षपातीपणाची होती.

त्यानंतरचे दिवस फोनवरच गेले. १० डिसेंबरला किसिंजर न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांतील चीनचे राजदूत ह्वांग ह्वा यांना गुप्तपणे भेटले. विमानवाहू ‘एंटरप्राइझ’ जहाजाच्या नेतृत्वाखालील नौदलाची तुकडी बंगालच्या उपसागराकडे निघाली. १२ डिसेंबरला मॉस्कोला थेट दूरसंदेश यंत्रणेवरून निरोप गेला. १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली.

सल्लागार राष्ट्राध्यक्षांना वगळून निर्णय घेऊ शकत होता का?

१९७१ मध्ये नाही. त्या वर्षाच्या फिती ऐकल्या तर राष्ट्राध्यक्षच पुढे रेटत आहेत आणि किसिंजर त्यांच्या सुरात सूर मिसळून वर दोन शब्द जास्तीचे जोडत आहेत, असे बहुतेक ठिकाणी दिसते. १९७३ ची गोष्ट वेगळी. वॉटरगेट या राजकीय हेरगिरीच्या प्रकरणाने निक्सन खचले होते. पश्चिम आशियातील अरब-इस्रायल युद्धाच्या काळात, ११ ऑक्टोबरच्या रात्री ब्रिटनचे पंतप्रधान एडवर्ड हीथ यांना निक्सन यांच्याशी बोलायचे होते. राष्ट्राध्यक्ष प्यायलेले आहेत असे किसिंजर यांनी आपल्या सहायकाला फोनवर सांगितले आणि ते बोलणे झाले नाही. २४ ऑक्टोबरच्या रात्री सोव्हिएत हस्तक्षेपाच्या शक्यतेमुळे अमेरिकी सैन्याची सज्जता पातळी वाढवण्याचा निर्णय झाला, त्या बैठकीला राष्ट्राध्यक्ष हजर नव्हते.

फितीवर राष्ट्राध्यक्षांनी जे म्हटले, तो निर्णय समजायचा का?

सरसकट नाही. निक्सन रागाच्या भरात आदेश सोडत आणि त्यांतील काही आदेश पाळायचे नसतात हे जवळच्यांना ठाऊक असे. फितीवरील वाक्यानंतर टिपण निघाले का, तार गेली का, हे तपासल्याखेरीज त्याला निर्णय म्हणू नये.

मराठीत आणताना आणखी एक पेच येतो. निक्सन आपल्या सल्लागाराला ‘हेन्री’ म्हणतात आणि किसिंजर त्यांना ‘मिस्टर प्रेसिडेंट’. इंग्रजीत सर्वनाम एकच. मराठीत मात्र ‘तू’ की ‘तुम्ही’ हे ठरवावेच लागते. दोघांत दहा वर्षांचे अंतर आणि रोजचा सहवास असूनही दोन्हीकडून ‘तुम्ही’च बरोबर वाटते, कारण त्या नात्यात जवळीक कमी आणि परस्परांवर नजर जास्त होती.

त्या वेळी भारताकडे अशी रचना होती का?

राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हे पद आपल्याकडे नोव्हेंबर १९९८ मध्ये निर्माण झाले आणि ब्रजेश मिश्र हे पहिले सल्लागार. १९७१ मध्ये ते काम पंतप्रधानांचे सचिव या नात्याने हक्सर करीत. ध्वनिफिती नसल्या तरी त्यांची टिपणे दिल्लीतील पूर्वीच्या नेहरू स्मारक संग्रहालयाच्या संग्रहात आहेत. परराज्यातून येणाऱ्या पत्रांवर कारभार चालवणे आपल्याला मुळीच नवे नाही; दिल्लीतील हिंगणे आणि हैदराबादेतील गोविंदराव काळे हे पेशव्यांचे वकील होते, ते आजच्या अर्थाने राजदूतच.

महाराष्ट्रातील कोणाचा किसिंजर यांच्याशी थेट संबंध आला का?

यशवंतराव चव्हाण यांचा आला. १९७१ च्या युद्धात ते अर्थमंत्री होते. ऑक्टोबर १९७४ मध्ये त्यांच्याकडे परराष्ट्र खाते आले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस किसिंजर दिल्लीला आले. तोवर निक्सन यांचा राजीनामा होऊन गेला होता आणि किसिंजर त्यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांचे परराष्ट्रमंत्री होते. २८ ऑक्टोबर १९७४ ला चव्हाण आणि किसिंजर यांनी भारत-अमेरिका संयुक्त आयोग स्थापन करणाऱ्या करारावर सह्या केल्या. आर्थिक व व्यापारी, वैज्ञानिक व तांत्रिक, आणि शैक्षणिक व सांस्कृतिक असे त्याचे तीन उपआयोग होते. हा करार दोन्ही देशांच्या परराष्ट्र खात्यांमार्फत, कार्यालयाचे नाव असलेल्या कागदावर, उघडपणे झाला.